सतनवाड्याच्या घाटातला हाका

उद्या तुम्ही दोघं मोटारीनं शिवपुरीला निघणार म्हणून सांगते, शामला. एरवी मी हे काढत नाही. कंदील राहू दे तिथंच, उजेड पुरेसा आहे.

आम्ही निघालो होतो ते तुझ्या आईसाठीच. शांताताई तेव्हा शिवपुरीला होती, तू अजून व्हायची होतीस, आणि तुझ्या बाबांची बदली भोपाळला झाली होती. त्या साली बदली कुणाची झाली नव्हती? छप्पन साल. मध्यभारत मोडून मोठा मध्यप्रदेश व्हायचा होता, राजधानी भोपाळला जायची होती आणि ग्वाल्हेरची अख्खी ऑफिसं ट्रकांत चढत होती. ग्वाल्हेरच्या कंपू मोहल्ल्यातल्या आमच्या घरावरून रोज ट्रक जात. कपाटं, पंखे, पाय आकाशाकडे केलेल्या खुर्च्या, आणि त्या पायांच्या मधे बसून विडी ओढणारे चपराशी. संस्थान गेलं तेव्हा लोक गप्प झाले होते. या वेळी मात्र सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. भोपाळचा तलाव केवढा, तिथं क्वार्टर मिळेल का, कोण जाणार, कोण राहणार, दुसरं बोलणंच नाही.

ताईला सामान बांधायला माणूस हवं होतं. मी म्हटलं, मी जाते. आणि जीपनं जाते.

मी बावीस वर्षांची होते. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि नुकतंच मोटारीचं लायसन काढलं होतं. नोकरीपेक्षा त्या लायसनचाच मला तोरा जास्त. आबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, मुरारला फौजेच्या लिलावातून एक जुनी जीप आणली होती. वर ताडपत्री, बाजू उघड्या, गिअर टाकला की घोडं खिंकाळावं तसा आवाज. आबांना ती स्वतःला चालवता येत नव्हती. तरुणपणी घोड्यावरून पडल्यापासून त्यांचा डावा हात कोपरात वळत नसे. म्हणून त्यांनी मला शिकवून घेतलं. आख्ख्या कंपूत मोटार चालवणारी मी एकटी मुलगी, आणि शहराबाहेरच्या लांब सडकेवर माझी ही पहिलीच खेप.

आबा बरोबर आले ते माझ्यावर नजर ठेवायला, असं ते म्हणाले. खरं कारण जंगल. आबांचं नाव कान्होजीराव, आणि ते नाव घेतलं की त्या काळी शिवपुरीच्या जंगलातला माणूस न् माणूस ओळखायचा. आमच्या घरात सगळे पलटणीतले, आबा मात्र दरबारच्या शिकारखान्यात गेले. हाका लावणं हे त्यांचं काम. हाका तू पाहिला नसशील. शेकडो माणसं जंगलात लांबच लांब रांग धरतात, ढोल, डबे, काठ्या वाजवत पुढे सरकतात, आणि त्या आवाजापुढे जनावर पळत सुटतं. पुढे मचाणावर बंदूकवाला बसलेला असतो. संस्थान विलीन झालं, शिकारखाना बंद झाला, आणि आबा आठ वर्षं ओसरीतल्या खुर्चीत बसून होते. तब्येत उत्तम. पण माणूस विझल्यासारखा.

तिसऱ्या विजयाआत्या. आबांची थोरली बहीण. विषमज्वरात त्यांचे कान गेले होते. अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर ऐकू यायचं, एरवी नाही. त्यामुळे त्या स्वतः मात्र सगळ्या जगाला ऐकू जाईल एवढ्यानं बोलायच्या. मागच्या सीटवर फराळाचा पितळी डबा मांडीवर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "लीले, हळू चालव गं. मला मरायचं असतं तर घरी मेले असते."

सकाळी निघालो. दसरा होऊन गेला होता, हवा नुसती काचेसारखी. पनिहार मागं पडलं, घाटीगाव गेलं, मोहन्याला पाणी भरलं. सडकेवर ट्रकांची रीघ. भोपाळकडे निघालेली कपाटं मी एकेक करून मागं टाकत होते आणि दर वेळी आबा ओठांतल्या ओठांत हसत होते. दुपार कलायच्या आधी सतनवाडा आलं. तिथून पुढे घाट.

तो घाट तू उद्या पाहशीलच. तांबड्या दगडाचा पहाड, आणि सडक त्याच्या कडेकडेनं चढत जाते. दोन्ही बाजूंना करधई, सलई, खैर. त्या दिवसांत करधईची पानं तांबूस झालेली असतात, आणि उन्हात सगळा डोंगर आतून पेटल्यासारखा दिसतो. पूर्वी या जंगलात परवान्याशिवाय पाय ठेवता येत नसे. आता त्याचं नॅशनल पार्क करायचं ठरलं होतं, बंदुकीला बंदी. मी गाणं म्हणत चालवत होते. इतकं सुंदर काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

एका वळणावर सडकेच्या कडेला दगडी कट्टा आहे. तिथून सगळी दरी दिसते. आबा म्हणाले, "थांब इथं. जेवू या."

आत्यांनी डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं. आम्ही कट्ट्यावर बसलो. माझी अर्धी पुरी झाली असेल, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मघापासून एकही ट्रक गेलेला नाही. वरूनही नाही आणि खालूनही नाही. सतनवाड्यापर्यंत जी रांग होती ती कुठं गेली? मग ध्यानात आलं, पाखरंही गप्प आहेत. वारा होता, पानं हलत होती, पण त्यांचा आवाज पोचत नव्हता.

आत्यांनी पुरी खाली ठेवली.

"कान्हू," त्या म्हणाल्या, "डबा कोण वाजवतंय रे?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आत्यांना जीपचा भोंगा ऐकू येत नसे.

मग मलाही ऐकू आलं. खूप लांब, आम्ही आलो त्या सतनवाड्याच्या बाजूला. पत्र्यावर काठी. टण्... टण्... टण्. मग दुसरा पत्रा. मग त्यांच्या खालून ढोल, घुमत, सावकाश. आणि माणसांचे आवाज, शब्द नसलेले. हो ओ ओ... हो ओ ओ...

आबा उभे राहिले. शामला, मी आठ वर्षांत त्यांचा तो चेहरा पाहिला नव्हता. डोळे चमकत होते, मान ताठ.

"हाका," ते म्हणाले.

"आबा, हाका कोण लावणार? शिकारखाना बंद झालाय."

"कुणी लावणार नाही. पण हा हाकाच आहे, लीले. आणि काय लावलाय! ऐक... ऐक... एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आवाज कुठं तुटत नाही. अशी रांग मला दोनदाच साधली होती."

एवढ्यात वानरं आली. झाडांवरून नव्हे, जमिनीवरून, ओळीनं, सडक ओलांडून. आमच्या आणि पुऱ्यांच्या अंगावरून म्हणावं इतक्या जवळून गेली आणि एकानंही डब्याकडे पाहिलं नाही. त्यांच्यामागून मोर, पिसारा ओढत, पायीच. मग एक ससा. मग चितळांचा कळप आला, खुरांचा सडा पडल्यासारखा आवाज, आणि त्यांच्या अंगाचा तो ऊबदार, गवतासारखा वास.

मला भीती वाटली असेल असं तुला वाटेल. अजिबात नाही. माझं काळीज नाचत होतं. लहानपणापासून आबांच्या तोंडून ऐकलेला हाका माझ्या डोळ्यांसमोर चालला होता. वाटलं, आता वाघ निघेल!

"आबा, चला ना! जीपनं पुढे जाऊ. वरच्या वळणावरून सगळं दिसेल."

"चल!" आबा म्हणाले. एखाद्या विशीतल्या पोरासारखे धावत जाऊन बसले.

आत्यांनी डबा बंद केला आणि मुकाट्यानं मागं चढल्या. एवढंच म्हणाल्या, "मला हे कसं ऐकू येतंय?" आम्ही दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही.

मी जीप पळवली. चढ होता तरी पळवली. आणि मजा अशी, आवाज मागं पडत नव्हता. मी वेग वाढवला की ढोलाची लय वाढे. हो ओ ओ, हो ओ ओ, आता अगदी शंभर हातांवर आल्यासारखं. मी हसत होते, शामला. मोठमोठ्यानं हसत होते, केस सुटले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटत होतं की हे कधी संपूच नये.

थोडं पुढे डाव्या हाताला एक कच्ची वाट फुटत होती, खाली एखाद्या पाड्याकडे जाणारी. आबांनी बोट दाखवलं. "तिकडे घे. बाजूनं रांग दिसेल."

मी चाक वळवलं. त्या वाटेच्या तोंडाशी सलईचं एक झाड होतं. त्या झाडातून आवाज आला.

टक... टक.

एवढाच. लाकडावर लाकूड. हळूच, कुणी दारावर बोटाची पेरं वाजवावीत तसा. आणि माझ्या हातांनी चाक पुन्हा सडकेवर आणलं.

आबांचं हसू गेलं.

"लीले... का वळवलीस परत?"

"माहीत नाही, आबा. आवाज झाला ना झाडात."

"घाबरलीस?"

"छे. हात आपोआपच..."

आबांनी मागं वळून त्या झाडाकडे पाहिलं. झाडावर कुणी नव्हतं. बाजूला बसलेली चितळं त्यांनी पाहिली, मीही पाहिली. होय, बसलेली. आत्ता सडक ओलांडून गेलेली चितळं उतारावर आरामात रवंथ करत बसली होती. ढोल त्यांच्या अंगावरून चालला होता आणि ती कानसुद्धा हलवत नव्हती.

"पुढे उजवीकडे एक वाट येईल," आबा अगदी हळू आवाजात म्हणाले. "तिकडे वळ. काही झालं तरी वळ."

वाट आली. मी वळायला गेले. टक... टक, वरून खैराच्या फांदीतून. पुन्हा माझे हात सरळ झाले. मला राग आला नाही, दुःख झालं नाही. उलट बरं वाटलं. पुढे जायचंच तर होतं. पुढे जे काय होतं ते फार छान होतं, मला ठाऊक होतं. काय होतं ते मात्र सांगता आलं नसतं.

"बेटा," आबा म्हणाले. ते मला कधी बेटा म्हणत नसत. "हाक्याच्या दोन्ही बाजूंना माणसं झाडावर बसवतात. जनावर बाजूला निघालं की ती फक्त टकटक करतात. तेवढ्यानं ते वळतं. त्याला कळतही नाही आपण का वळलो ते... हा हाका चितळांसाठी नाही. वानरांसाठी नाही."

मला कळलं. पण कळून पाय निघेना. ॲक्सिलरेटरवरचा पाय, म्हणते.

"पुढे काय आहे, आबा?"

"वळण. त्यानंतर सडक सरळ होते. सडक व्हायच्या आधी ती जनावरांची वाट होती. त्या वाटेच्या तोंडाशी दगडी मचाण आहे." त्यांनी बोटानं वळण दाखवलं. "तिथून काही सुटत नाही."

वळण समोर दिसत होतं. उन्हात सडक लखलखत होती. मी हसतच होते, मला माझं हसू ऐकू येत होतं, आणि थांबवता येत नव्हतं.

"लीला, गाडी फिरव!"

"मागं तर ते आहेत, आबा..."

"म्हणूनच मागं! हाक्यात वाचतं ते एकच जनावर, जे उलटं फिरून रांगेवर चालून जातं. पुढे गेलेलं वाचत नाही, बाजूला गेलेलं वाचत नाही. फिरव!"

मी फिरवली नाही. फिरवू शकले नाही, हे खरं. तेव्हा मागून एक हात आला आणि खाडकन माझ्या गालावर बसला. आत्या होत्या.

"बापाचं ऐक!" त्या ओरडल्या.

त्या थपडेनं हसू तुटलं. ब्रेक दाबला. जीप घसरत जाऊन दरीकडच्या दगडांना टेकली. सडक अरुंद, एका दमात वळेना. पुढे घेतली, मागं घेतली, चाक दरीच्या कडेला आलं, माती खाली गेल्याचा आवाज आला. आबा त्यांच्या एका हातानं दांडी धरून बाहेर वाकून सांगत होते, "अजून... अजून थोडी... बस!" झाडांमधून आता दोन्हीकडून टकटक चालली होती, घाईघाईनं, नापसंतीनं. तिसऱ्या खेपेला जीप वळली. तोंड सतनवाड्याकडे.

समोर सडक रिकामी होती. उन्हानं भरलेली, रिकामी सडक. आणि त्या रिकामपणातून तो सगळा आवाज आमच्यावर येत होता.

"डोळे उघडे ठेव आणि थांबू नकोस," आबा म्हणाले.

आता मात्र भीती आली. मघापासून वाट पाहत होती जणू, एकदम सगळी आली. मागं जे छान होतं त्याच्याकडे पाठ केली म्हणून रडू येत होतं, आणि समोर जे होतं त्यात घुसायचं होतं. मी गिअर टाकला.

आत्या मागं उभ्या राहिल्या. ताडपत्रीची दांडी एका हातानं धरली, दुसऱ्या हातात पितळी डब्याचं झाकण घेतलं आणि दांडीवर बडवायला लागल्या. "हटो रे!" केवढा आवाज तो! "हटो! रास्ता दो! हमारी लड़की जा रही है, हटो!" ग्वाल्हेरच्या भाजीबाजारात शिकलेली सगळी हिंदी त्यांनी त्या घाटात ओतली. काही शब्द मी तुला सांगणार नाही.

उतारावर जीप सुटली. गवत दोन्ही कडांना दबत होतं, उठत होतं, माणसं चालत असावीत तसं. माणूस एकही नाही. मग वास आला. घामाचा, विडीचा, चुरडलेल्या पानांचा, खूप माणसांचा एकत्र वास. आणि मग आम्ही त्यांच्यात होतो. बॉनेटवर काठ्या पडत होत्या, ताडपत्रीवर पडत होत्या, पावसाची सर पडावी तशा. ढोल माझ्या छातीच्या आत वाजत होता. आणि त्या सगळ्या गोंधळात अगदी माझ्या उजव्या कानाशी, कुणीतरी, एक वयस्क माणूस, फार प्रेमानं बोलत होता. गाईला गोठ्याकडे वळवताना बोलतात ना, तसं.

"आगे, बेटा... उधर नहीं... आगे..."

मी मान वळवली नाही. वळवली असती तर ही गोष्ट तुला कुणी सांगितली नसती.

मग तुटला. सगळा आवाज एका क्षणात तुटला. वारा ऐकू आला, जीपचं इंजिन ऐकू आलं, आत्यांचं झाकण ऐकू आलं. वळणावरून समोरून एक ट्रक आला, टेबलांनी भरलेला, आणि त्याच्या ड्रायव्हरनं मला शिवी दिली. इतकी गोड शिवी मी कधी ऐकली नाही.

सतनवाड्याला चहाच्या टपरीशी जीप उभी केली. मला उतरताच येईना. टपरीवाल्यानं पाणी दिलं. आत्यांना विचारलं, "बरं आहे ना?" तर त्या म्हणाल्या, "काय म्हणतेस? मोठ्यानं बोल." त्यांचे कान पुन्हा पहिल्यासारखे झाले होते. टपरीवाला म्हणाला, इथं बसून घाटातला प्रत्येक भोंगा ऐकू येतो, आज सकाळपासून ढोलबिल काही वाजलेलं नाही.

आबा चहा न पिता घाटाकडे तोंड करून उभे होते. मी जवळ गेले.

"आता काय ऐकताय?"

"बिगुल," ते म्हणाले. "हाका संपला की मचाणावरून बिगुल होतो. शिकार मिळो, न मिळो. बिगुल झाल्याशिवाय माणसं रांग सोडत नाहीत. तसा हुकूमच असतो."

"झाला का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. बराच वेळ उभे राहिले. ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही त्यांना हाताला धरून बसवलं.

त्या रात्री सतनवाड्याच्या धर्मशाळेत राहिलो आणि सकाळी भरल्या बसमधून शिवपुरीला गेलो. घाटात काही नव्हतं. दगडी मचाण मी बसच्या खिडकीतून पाहिलं, त्यावर बकऱ्या चढल्या होत्या. तुझ्या आईला यातलं आम्ही काही सांगितलं नाही. तिचे पेटारे बांधले, तिला भोपाळच्या गाडीत बसवलं. जीप आबांनी सतनवाड्यातच कुणाला तरी देऊन टाकली. मला वाटलं, झालं, संपलं.

आता ऐक.

नवा प्रांत ज्या दिवशी झाला, त्या दिवशी दिवाळीचाही बाजार होता. एक नोव्हेंबर. दुपारी चारचा सुमार. शाळेला सुट्टी. कंपूत नुसती गर्दी, कुठं झेंडे, कुठं आकाशकंदील, पोरं फटाके उडवत होती. राजधानी गेली म्हणून कुणी रडत होतं, नवं राज्य झालं म्हणून कुणी पेढे वाटत होतं. आबा ओसरीत बसले होते. मी पायरीवर रांगोळीचा गेरू सारवत होते.

शिवपुरीच्या सडकेकडून आरडाओरडा आला आणि गर्दी फाटली. एक चितळ आलं. मोठा नर, शिंगं फांद्यांसारखी. कंपूच्या भर रस्त्यातून, टांग्यांच्या मधून, धावत. तोंडाला फेस, बरगड्या हलताहेत. आमच्या दारासमोर क्षणभर थबकलं. माणसांकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. आलं त्या दिशेला वळून पाहिलं आणि पुन्हा पळत सुटलं, मुरारच्या बाजूला.

आबा उठून माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आपण रांग फोडून निघालो असं मी समजत होतो," ते म्हणाले. "रांग फुटली नव्हती, लीले. रांग आपल्यामागं वळली."

रस्त्यावर एकच गलका झाला होता. "हिरन! हिरन!" पोरं निघाली, त्यांच्यामागं बाया, दुकानं उघडी टाकून दुकानदार, सायकली टाकून कारकून. शेजारच्या दुर्गाबाई, ज्यांना जिना चढवत नसे, त्याही पदर खोचून धावत होत्या. सगळे एकाच दिशेला, खिदळत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत, घाटात मी हसत होते तसे. मी दुर्गाबाईंना हाक मारली. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

इतकं खूश मी त्या गल्लीला कधी पाहिलं नव्हतं.